ताशी तीसचा रस्ता

वसईची वसंत नगरी, एव्हरशाइन सिटी, नालासोपाऱ्याचे आचोळे, विरारचा मनवेलपाडा. यांतला कुठलाही रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना इमारती, तळमजल्यावर वाणी, मेडिकल, केकवाला, मोबाइल दुरुस्तीवाला आणि कडेला हँडलला हँडल लावून उभ्या दुचाक्या. त्या दुचाक्यांच्या फटीतून एक मूल रस्त्यावर येते. समोरून येणारी मोटार त्या क्षणी १४ मीटरवर आहे. तीन मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल तेवढे हे अंतर.

मोटारीचा वेग ताशी ३० किमी असेल, तर ती सेकंदाला ८.३ मीटर पुढे जाते. मूल दिसणे, ते डोक्यात शिरणे आणि पाय ब्रेकवर पडणे यात एक सेकंद जातो असे धरू. हा हिशोब जाग्या आणि मोबाइल न बघणाऱ्या चालकाचा आहे. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी आणखी सुमारे ५ मीटर जाते. म्हणजे एकूण १३ मीटरच्या थोडे पुढे. गाडी थांबते, चालक काच खाली करून दोन शब्द सुनावतो, आई धावत येऊन एक धपाटा घालते आणि प्रकरण मिटते.

आता तोच चालक, तीच गाडी, तेच मूल. फक्त वेग ताशी ५० किमी. सेकंदाला १३.९ मीटर. पाय ब्रेकपर्यंत पोचतो तेव्हा गाडी मुलापाशी पोचलेली असते. वेग कमी व्हायला अजून सुरुवातही झालेली नाही. धडक पुऱ्या ५० च्या वेगाने बसते. ब्रेक लागला असता तरी ही गाडी थांबायला जवळजवळ २८ मीटर लागले असते. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३० च्या तुलनेत ५० ला तो दीडपट होत नाही, पावणेतीनपटीच्या वर जातो.

या दोन गोष्टींत चालकाचा स्वभाव, मुलाची शिस्त, आईचे लक्ष, परवाना, दारू यांपैकी काहीही बदललेले नाही. आपल्याकडे अपघात झाला की चर्चा मात्र नेमकी याच गोष्टींची होते. मूल असे धावलेच कसे, चालक कुठला होता, हप्ते कोण घेतो. रस्ता कसा होता, हे कुणी विचारत नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. त्याच वर्षीच्या सरकारी अहवालात दहापैकी सात मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदवले आहे. ‘अतिवेग’ हा शब्द वाचला की महामार्ग डोळ्यांपुढे येतो. पण गल्लीच्या तोंडाशी ५० सुद्धा अतिवेगच असतो.

मग कमी वेगाने जायला वेळ किती जास्त लागतो? वसाहतीतला रस्ता स्टेशनरोडला मिळेपर्यंत ६०० मीटरचा आहे असे समजू. ताशी ५० ने तो ४३ सेकंदांत संपतो, ताशी ३० ने ७२ सेकंदांत. फरक २९ सेकंदांचा, आणि तोही मध्ये एकदाही थांबावे लागले नाही तर. पुढे स्टेशनजवळच्या कोंडीत त्या २९ सेकंदांचे काय होते, हे वसईकराला वेगळे सांगायला नको.

वसई तालुक्यात रस्त्यांच्या दोन जाती आहेत आणि त्यांचे वागणे वेगळे आहे. पहिली जात पश्चिमेच्या गावांतली. गिरीज, गास, निर्मळ, भुईगाव, पापडी या बाजूंचे मूळ रस्ते कुणी कागदावर आखलेले नव्हते. वाड्यांच्या बांधांवरून, विहिरींना वळसा घालून, कुणाचे घर न पाडता ते बैलगाडीच्या सवडीने तयार झाले. कोपऱ्यावर क्रूस, कुठे देवळाचा पार, कुठे चिंच, कुठे रस्त्याला लागूनच घराची ओटी. अशा रस्त्यावर पुढचे ५० मीटर दिसतच नाहीत, मग वेग वाढणार कसा? समोरून टेम्पो आला की कुणीतरी वाडीच्या तोंडाशी गाडी लावून वाट द्यायची, हा अलिखित नियम.

दुसरी जात विकास आराखड्यातल्या रस्त्यांची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला केला. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. १९९० मध्ये सिडकोकडे नियोजनाचे अधिकार आले. जुलै २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली होती. या सगळ्या काळात नवे रस्ते पट्टीने आखले गेले. सरळ, रुंद, कोपरे गोल कापलेले. मिठागरे आणि भातखाचरांच्या जमिनीवर सरळ रेघ मारायला अडचण कसली! अशा रस्त्यावर इमारती नंतर उभ्या राहिल्या, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे तो मोकळाच होता आणि चालकांना मोकळ्या रस्त्याची सवय लागली. आता तिथे हजारो माणसे राहतात. रस्ता मात्र अजूनही गाडी पळवायलाच सांगतो.

जुने ते सोने असा सूर मला इथे लावायचा नाही. गावातल्या वळणदार रस्त्यावरही माणसे मरतात. त्याला पदपथ नाही, दिवे कमी, आणि शनिवार-रविवारी कळंब, राजोडी, अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे धावणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना इथले वळण ठाऊक नसते. गावच्या माणसाला त्या क्रुसामागून सायकल येऊ शकते हे माहीत असते; रिसॉर्टला निघालेल्याला ते माहीत नसते. पण या दोन जातींच्या तुलनेतून एक गोष्ट साफ दिसते. चालक वेग ठरवतो तो रस्त्याकडे पाहून. किती लांबवर दिसते आहे, रस्ता किती रुंद आहे, वळताना किती जागा मिळते, कडेला काय आहे, यावरून पाय आपोआप दाबला किंवा सैल सोडला जातो. ‘वाहने सावकाश चालवा’ या पाटीला त्या निर्णयात जवळजवळ स्थान नसते. सव्वातीनशे मीटर सरळ, बारा मीटर रुंद रस्ता पाटीपेक्षा फार मोठ्या आवाजात बोलत असतो.

कायद्याचीही फारशी मदत नाही. एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल वेग ताशी ७० किमी, दुचाकीला ६० आणि तीनचाकीला ५० आहे. राज्याला किंवा स्थानिक यंत्रणेला त्याहून कमी मर्यादा घालता येते, पण ती घालावी लागते, फलक लावावा लागतो. तो लागला नसेल, तर शाळेसमोरच्या गल्लीत ताशी ६० ने जाणारा दुचाकीस्वार वेगमर्यादेच्या कलमात सापडतच नाही. निष्काळजीपणाचे कलम आहे, पण ते बहुधा कुणीतरी पडल्यानंतर लागते. जगाचा सूर एव्हाना बदलला आहे. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसे आणि वाहने एकाच जागेत नेहमी मिसळतात तिथे कमाल वेग ताशी ३० किमी असावा, असे म्हटले गेले आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. तीस आणि सत्तर या आकड्यांमध्ये आपण अजून कुठेतरी लोंबकळत आहोत.

वेग कमी करायचा म्हटले की आपल्याकडे एकच उपाय सुचतो: गतिरोधक. सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव, माजी नगरसेवकाला निवेदन, आणि एके रात्री डांबराचा एक उंचवटा. या साध्या वस्तूमागे मोठमोठी डोकी आहेत. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांना १९२७ सालचे नोबेल मिळाले ते क्ष-किरणांवरच्या कामासाठी. पण सेंट लुईसच्या विद्यापीठाचे कुलगुरू असताना आवारातून सुसाट जाणाऱ्या गाड्यांना वैतागून त्यांनी १९५३ मध्ये रस्त्यावर उंचवटे आखले. पुढे ब्रिटनच्या सरकारी रस्ते प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने नाना आकारांचे उंचवटे गाड्यांखाली घालून पाहिले आणि १९७३ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. १२ फूट लांब आणि ४ इंच उंच, वरून हलक्या कमानीसारखा गोल. हळू जाणाऱ्याला तो नुसता वर-खाली करतो, वेगाने जाणाऱ्याला हादरवतो.

आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये दिलेले माप जवळजवळ हेच आहे: रस्त्याच्या दिशेने ३.७ मीटर लांबी, १० सेंटिमीटर उंची, कमानीची त्रिज्या १७ मीटर, आणि त्यावरून जाण्याचा अपेक्षित वेग ताशी २५ किमी. आता आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावर टेप धरून पाहा. ३.७ मीटरऐवजी हात-दीड हात लांबी, वर टोकदार पाठ, पांढरे पट्टे उडालेले, आधी सूचनेचा फलक नाही. असा आखूड उंचवटा उलटेच काम करतो. मोठी चाके आणि दणकट सस्पेन्शनची गाडी त्यावरून वेगाने गेली, तर चाकच धक्का गिळून टाकते. हळू जाणाऱ्या रिक्षातल्या गरोदर बाईच्या कमरेला मात्र पुरता बसतो. रात्री न दिसल्यामुळे दुचाकीवरची मागे बसलेली व्यक्ती उडते. सर्वांत वाईट गोष्ट टोकाला असते. पाणी वाहावे म्हणून उंचवटा आणि गटार यांच्यामध्ये दोन-तीन फूट सपाट जागा सोडलेली असते आणि सगळ्या दुचाक्या वेग न घटवता त्या फटीतून जातात. पायी चालणारा नेमका तिथेच चालत असतो. माणसाला वाचवायला बांधलेल्या वस्तूने दुचाकी त्याच्या अंगावर आणून सोडली.

म्हणून मापात बांधलेला गतिरोधक चांगला, पण एकटा नको. एकच असेल तर चालक त्याच्याशी ब्रेक मारतो आणि पुढे गेल्यावर वसुली म्हणून दुप्पट ॲक्सिलरेटर देतो. दर ८०-१०० मीटरवर काहीतरी अडसर असेल, तर मध्ये वेग वाढवण्यात अर्थच उरत नाही. आणि प्रत्येक अडसर उंचवटाच असायला हवा असे नाही.

सर्वांत स्वस्त उपाय रुंदी कमी करण्याचा. महामार्गावर एका मार्गिकेची रुंदी ३.५ मीटर असते. वसाहतीच्या रस्त्याला तेवढी द्यायचे काही कारण नाही. तीन मीटर किंवा त्याहून थोडी कमी पुरते. बारा मीटरच्या डांबरी पट्ट्यातून दोन मार्गिकांना सहा मीटर दिले, तर सहा मीटर शिल्लक राहतात. त्यांत एका बाजूला गाड्या उभ्या करायची जागा आणि दोन्ही बाजूंना चालायची जागा निघते. गाड्या उभ्या करायची बाजू दर ६०-७० मीटरला बदलली, म्हणजे आधी डावीकडे, मग उजवीकडे, तर सरळ रस्ता चालकाच्या नजरेला वाकडा होतो. क्रूस आणि चिंच जे काम फुकट करत होते, ते उभ्या गाड्यांकडून करून घ्यायचे. सम-विषम तारखांच्या पार्किंगची सवय आपल्याला आहेच. इथे तारखेऐवजी जागा बदलते एवढेच.

नंतर कोपरे. नव्या रस्त्यांचे कोपरे मोठ्या गोलाईने कापलेले असतात, कारण ट्रक वळला पाहिजे. त्या गोलाईमुळे मोटार आणि दुचाकी वेग न कमी करता डावीकडे वळतात, आणि ओलांडणाऱ्याला वळणाच्या तोंडाशी जास्त अंतर चालावे लागते. कोपऱ्यावर पदपथ पुढे आणून गोलाई लहान केली, की दोन्ही गोष्टी सुधारतात. अंतराचा हिशोब सोपा आहे. सामान्य माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, म्हणजे बारा मीटर ओलांडायला १० सेकंद. त्या वेळात ताशी ५० ने येणारी गाडी १३९ मीटर येते. एवढ्या लांबची गाडी पाहून ‘जाऊ की थांबू’ हे ठरवणे तरुणालाही जमत नाही, आजोबांना तर दूरची दुचाकी दिसेलच असे नाही. दोन्ही कडांनी पदपथ पुढे आणून तेच ओलांडणे आठ मीटरचे केले आणि गाडीचा वेग ३० केला, तर नजर ठेवायची वेळ सात सेकंदांच्या आत येते आणि अंतर ५५ मीटरवर.

शाळा, बालवाडी, चर्च, देऊळ, रिक्षा स्टँड यांसमोर उंच झेब्रा हवा. म्हणजे पदपथाच्याच पातळीवर रस्ता उचलायचा, वर पट्टे रंगवायचे आणि दोन्ही बाजूंना उतार द्यायचा. चालणारा खाली उतरत नाही, गाडी वर चढते. तो गतिरोधकही होतो आणि वाटही. बाबागाडी, चाकांची खुर्ची, भाजीची ट्रॉली ओढणारी बाई, सगळ्यांना तो चालतो. पण वसईत इथे पाण्याचा प्रश्न येतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, सपाट सखल जमीन आणि भरतीच्या वेळी खाडीत न जाणारे पाणी. अशा ठिकाणी रस्त्याला आडवा १५ सेंटिमीटरचा बांध घातला, तर पहिल्याच जोराच्या पावसात त्याच्या वरच्या अंगाला तळे होईल आणि लोकच पहार घेऊन तो फोडतील. त्यात लोकांची चूक नाही. उंच झेब्र्याखालून पाइप किंवा जाळीने झाकलेली चर आधी घालावी लागते, आणि त्या रस्त्याचा उतार कुणीकडे आहे हे उन्हाळ्यात नाही, पावसात उभे राहून पाहावे लागते. हे काम करणारा अभियंता जुलैमध्ये त्या जागी एकदा तरी भिजलेला असावा.

पाण्याची हीच गोष्ट पदपथाची. शहरात बहुतेक ठिकाणी पदपथ म्हणजे गटारावरच्या लाद्या. एक लादी तुटलेली, एक हलणारी, एकीवर फेरीवाला, एकीवर ट्रान्सफॉर्मर आणि प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी गाड्यांसाठी उतार, त्यामुळे चालणाऱ्याला दर वीस पावलांवर चढ-उतार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापांत वसाहतीच्या पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर उंची सांगितली आहे. गटाराच्या लाद्या बऱ्याच ठिकाणी गुडघ्यापर्यंत उंच असतात. पावसाळ्यात उघडे झाकण कुठे आहे याची खात्री नसलेला माणूस रस्त्याच्या मधून चालतो. तो बेशिस्त नसतो, तो शहाणा असतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेल्या पदपथाचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. जगण्याचा हक्क लादीच्या रुंदीत मोजायची वेळ आली, हे बरेच झाले.

फेरीवाल्यांविषयी मात्र सावधपणे बोलायला हवे. अतिक्रमणविरोधी पथक येऊन गेल्यानंतरचा रस्ता पाहा. मोकळी झालेली जागा चालणाऱ्याला मिळते की गाडीला? पदपथ तसाच तुटका ठेवून फक्त डांबर मोकळे केले, तर जी गर्दी वेगाला आवरत होती तीच जाते आणि गाड्या पळू लागतात. दिवसा, बाजाराच्या वेळी, मच्छीवाल्या टोपल्या मांडून बसलेल्या असताना आपला रस्ता जगातल्या कुठल्याही ‘शांत रस्त्या’हून हळू असतो. धोका रिकाम्या वेळचा: सकाळी सहा-सात, दुपारी जेवणानंतर, रात्री दहानंतर. आणि सकाळी सहा-सात ही मुले शाळेच्या बससाठी उभी राहण्याची, म्हाताऱ्यांनी फिरायला निघण्याची आणि नोकरदारांनी विरार लोकल गाठायला धावण्याची वेळ आहे. लोकल गाठणारा प्रत्येक माणूस आधी पादचारी असतो.

नेदरलँड्सने या बाबतीत काय केले ते सांगण्यासारखे आहे, कारण तो देश कायम सायकलींचा होता असे आपल्याला वाटते. तसे नव्हते. साठच्या दशकात तिथेही गाड्यांसाठी रस्ते रुंद झाले, आणि १९७१ या एका वर्षात तिथे चारशेहून जास्त मुले रस्त्यावर मेली. त्यांत पत्रकार विक लांगेनहोफ यांची मुलगी होती. १९७२ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचे शीर्षक मराठीत ‘बालहत्या थांबवा’ असे होईल, आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. याच सुमाराला डेल्फ्ट शहरात झाडे, बाक, कुंड्या आणि वळणे घालून घरांपुढचे रस्ते अंगणासारखे केले जात होते. १९७६ मध्ये अशा रस्त्यांना कायद्याने दर्जा दिला: तिथे मुले रस्त्याच्या पूर्ण रुंदीत खेळू शकतात आणि गाडीने माणसाच्या चालीने जायचे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्ये मुख्य रस्ते सोडून सगळ्या शहरात ताशी ३० ची मर्यादा घातली. हेलसिंकीत २०१९ या पूर्ण वर्षात एकही पादचारी वाहनाखाली मेला नाही. तिथेही बहुतेक वसाहतींतली मर्यादा ३० च आहे. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ करून दाखवला. तो रस्ता बारा महिने चालणाऱ्यांनी भरलेला असतो.

डेल्फ्टची नक्कल वसईत होणार नाही, कारण डेल्फ्टच्या गल्लीत पाण्याचा टँकर येत नाही. या शहरातल्या वसाहतींच्या रस्त्यावरचे सर्वांत धोकादायक वाहन कोणते असे विचारले तर मी टँकर म्हणेन. दहा हजार लिटर पाणी म्हणजे नुसते पाणीच दहा टन. टाकी अर्धी भरलेली असेल, तर ब्रेक लावल्यावर आतले पाणी पुढे उसळते आणि गाडीला ढकलते. केबिन उंच, डाव्या चाकासमोरचे मूल चालकाला दिसत नाही. मालकाचा हिशोब फेऱ्यांवर चालतो, म्हणून चालकाला घाई. आणि टँकर येतो तो वसाहतीच्या अगदी आतपर्यंत, फाटकापर्यंत, बऱ्याचदा मुलांच्या शाळेच्या वेळेतच, कारण टाकी सकाळीच रिकामी होते.

म्हणजे इथे पादचाऱ्याच्या सुरक्षेचा एक भाग नळाच्या पाण्याशी बांधलेला आहे. सूर्या धरणाच्या रोज ४०३ दशलक्ष लिटरच्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारच्या वाट्याला रोज १८५ दशलक्ष लिटर आहेत. ते पाणी जितक्या इमारतींत नळाने पोचेल, तितक्या फेऱ्या गल्लीतून कमी होतील. रस्ता सुरक्षेच्या कुठल्याही पुस्तिकेत जलवाहिनीचा उल्लेख सापडणार नाही, पण या शहरापुरता तो हवा. जोवर टँकर आहेत तोवर सोसायटीच्या हातात एक गोष्ट आहे: पाण्याचे पैसे तीच देते. सकाळी साडेसहा ते आठ आणि शाळा सुटण्याच्या वेळी टँकर आत घ्यायचा नाही, मागे घेताना सोबत्याने खाली उतरायचे, या अटी टँकरवाल्याशी ठरवता येतात. एका सोसायटीने घातल्या तर तो दुसरीकडे जाईल. रस्त्यावरच्या सगळ्यांनी मिळून घातल्या तर जायला जागा राहत नाही.

अर्ज करायचा कुणाकडे, हा प्रश्न इथे सोपा नाही. एखादा रस्ता महापालिकेचा, पुढचा तुकडा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, उड्डाणपुलाचा उतार आणखी कुणाचा. वाहतूक पोलीस २०२० पर्यंत पालघर जिल्हा पोलिसांकडे होते. त्या ऑक्टोबरपासून मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय आले. त्याच वर्षी महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे राहिला, तेव्हा नगरसेवकाच्या दारात जाण्याची सवय असलेल्या लोकांना जायला दारच उरले नाही. साधी वाटणी लक्षात ठेवावी: रस्त्याचा आकार रस्ता ज्याचा त्याच्या बांधकाम खात्याकडे, वेगमर्यादा, एकदिशा आणि पार्किंगचे नियम वाहतूक पोलिसांकडे. अर्ज दोघांनाही एकाच दिवशी द्यावा आणि प्रत्येकावर दुसऱ्याचे नाव लिहावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८अ हे कलम आले आहे: रस्त्याची रचना ठरलेल्या मापांनुसार नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे. पण अर्जात हे कलम दिसले की तो कागद वेगळ्या फायलीत जातो.

अर्जासोबत ‘गाड्या फार जोरात जातात’ हे वाक्य पाठवू नये, आकडे पाठवावेत. त्याला यंत्र लागत नाही. रस्त्यावर टेपने ५० मीटर मोजायचे, दोन्ही टोकांना खडूने रेघ मारायची, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मोबाइलचे स्टॉपवॉच घेऊन बसायचे. ५० मीटर सहा सेकंदांत पार झाले तर वेग ताशी ३० किमी. साडेचार सेकंद म्हणजे ४०. तीन सेकंद आणि सहा दशांश म्हणजे ५०. रस्ता रिकामा असतानाच्या शंभर गाड्या मोजायच्या आणि वेगाच्या चढत्या क्रमाने लावून पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग पाहायचा. जगभर वाहतूक अभियंते हाच आकडा विचारतात, कारण सरासरी काढली तर पंधरा सुसाट गाड्या पंच्याऐंशी शहाण्या गाड्यांत लपून जातात. रस्त्यावर दिसेल असे हातात काही धरू नये. कुणी मोजतो आहे असे वाटले की चालक सभ्य होतात.

पुढची पायरी डांबराची नको, खडू-चुन्याची हवी. गणपती-दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरपासून रस्ते कोरडे असतात. वाहतूक पोलिसांची परवानगी घेऊन कोपऱ्यावर वाळूच्या गोण्या आणि प्लॅस्टिकचे शंकू लावून पदपथ पुढे आणल्यासारखा करायचा, चुन्याने मार्गिका अरुंद आखायच्या, पार्किंगची बाजू बदलायची आणि दोन आठवडे पाहायचे. स्कूलबस वळते का, अग्निशमनाची गाडी वळते का, टँकर कुठे अडतो, कोणता दुकानदार चिडतो. गोणी सरकवायला एक मिनिट लागते, काँक्रीट फोडायला वर्ष जाते. याच टप्प्यात विरोधही बाहेर येतो, आणि तो बहुधा वेगाबद्दल नसतो, उभ्या गाडीच्या जागेबद्दल असतो. तो ऐकून घेतला तर निम्मा तिथेच सुटतो. प्रयोग चालू असताना त्याच गॅलरीतून पुन्हा शंभर गाड्या मोजायच्या. आकडा ५० वरून ३५ वर आला असेल, तर बांधकामाची मागणी जानेवारीत करायची, म्हणजे निविदा, कामाचा आदेश आणि डांबर हे सगळे मे संपायच्या आत बसू शकते. जूनमध्ये डांबराची गाडी येत नाही. त्यानंतरची तिसरी मोजणी जुलैत, ओल्या रस्त्यावर करायची, कारण सुरुवातीच्या त्या पाच मीटरचे पावसात सात-आठ मीटर होतात आणि चौदा मीटरचा हिशोब तीसलाही पुरेनासा होतो. शाळेच्या फाटकासमोर मग पंचवीसची मर्यादा मागावी लागते.